ब्लर : येणे, दिसणे, करणे

मराठी घरांतून ‘ब्लर’ हा शब्द आता इतका रुळला आहे की तो इंग्रजी आहे हे बोलताना कुणाच्या ध्यानातही येत नाही. फोटो ब्लर येतो, डोळ्यांना ब्लर दिसते आणि बातमीत कुणाचा तरी चेहरा ब्लर केलेला असतो. शब्द एकच असला तरी मराठीने त्याला तीन निरनिराळी क्रियापदे जोडली आहेत आणि जबाबदारी कुणाची हे त्या क्रियापदांनीच ठरवून टाकले आहे. येतो तो अपघाताने, दिसते ते सोसावे लागते आणि केला जातो तो कुणाच्या तरी निर्णयाने. नियतकालिकांच्या पानांची मांडणी हे माझे रोजचे काम असल्यामुळे या तिन्ही प्रकारांशी माझा नित्य संबंध येतो. हललेले फोटो माझ्याकडेच येतात, ते बघून बघून डोळे माझेच शिणतात आणि एखाद्या फोटोतला चेहरा ओळखू येणार नाही असा करा, ही सूचनाही मलाच पाळावी लागते. त्यामुळे धूसर होण्याच्या या क्रियेत नेमके काय घडते आणि जे दिसेनासे झाले ते जाते कुठे, हा प्रश्न माझ्या कामातलाच आहे आणि त्याचे उत्तर जसजसे उलगडत गेले तसतसा तिसरा प्रकार, म्हणजे करण्याचा, मला अधिकाधिक अस्वस्थ करत गेला.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या मध्यापासून लेखी सापडतो आणि तेव्हा त्याचा संबंध भिंगाशी नव्हता, दौतीशी होता. ओल्या अक्षरावरून हात फिरला की कागदावर जो फराटा उमटतो, त्याला ब्लर म्हणत. पाणावलेल्या, चिपडलेल्या डोळ्यांसाठी इंग्रजीत जो जुना शब्द आहे त्याच्याशी याचे नाते असावे, असा व्युत्पत्तिकारांचा तर्क आहे. शाईच्या फराट्यावरून डाग, लांच्छन हाही अर्थ आला. शेक्सपिअरचा हॅम्लेट आईला तिच्या वागण्याबद्दल सुनावतो, तेव्हा मर्यादशीलतेची लाली डागाळणारे कृत्य अशा अर्थाने तो हेच क्रियापद वापरतो. धूसर दृश्य हा आज आपल्या ओळखीचा अर्थ पुढे वरचढ ठरला.

मला मात्र तो शाईचा अर्थच सर्वांत उपयोगी वाटतो. हलक्या कागदाच्या वहीत शाई फुटते, असे आपण म्हणतो. निबेने ठेवलेला ठिपका कागदाच्या तंतूंमधून चहूकडे झिरपतो, मोठा आणि फिकट होतो आणि शेजारच्या ठिपक्यात जाऊन मिसळतो. यात शाई थेंबभरही कमी होत नाही, फक्त तिची जागा बदलते. अक्षर वाचता येईनासे होते ते एका ठिकाणची शाई दुसऱ्याच्या हद्दीत गेल्यामुळे. डोळा असो, कॅमेरा असो, दुर्बीण असो की संगणक, धूसर होताना सगळीकडे हेच घडते. प्रत्येक बिंदू थोडा शेजाऱ्यात जातो आणि शेजारी थोडा त्याच्यात येतो.

डोळ्यांपुरते बोलायचे तर, समोरच्या वस्तूच्या एका बिंदूपासून निघालेले किरण डोळ्यातल्या भिंगाने पुन्हा एका बिंदूत आणून ते पडद्यावर टेकवायचे असतात. लांबचा नंबर असलेल्या माणसाच्या डोळ्यात हे किरण पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात आणि पडद्यापर्यंत पोहोचेतो पुन्हा फाकतात. बिंदूच्या जागी एक छोटी चकती पडते. शेजारच्या बिंदूचीही चकती पडते आणि दोन्ही एकमेकींवर चढतात. नंबर जितका जास्त, तितकी चकती मोठी. हर्मन स्नेलेन या डच नेत्रवैद्याने १८६२ मध्ये अक्षरांचा तक्ता तयार केला, तो मुळात या चकतीचा आकार मोजण्याचाच एक मार्ग आहे. सहा मीटरवरून कोणती ओळ वाचता येते यावरून डोळा सहा-सहा आहे की सहा-बारा, हे आजही त्याच रीतीने ठरते.

देवनागरीत ही चकती कुठे घाव घालते, हे पाहण्यासारखे आहे. रोमन अक्षरे सुटी उभी असतात. आपली अक्षरे शिरोरेघेला टांगलेली असतात आणि धूसर झाल्यावर ती रेघ शेवटपर्यंत टिकते, तिच्या आसपासचे बारीक खटके मात्र आधी जातात. घ आणि ध यांतला फरक शिरोरेघेतल्या एका फटीचा आहे, तसाच भ आणि म यांतलाही. ती फट बुजली की धन आणि घन सारखेच दिसतात. मग प आणि ष एकमेकांत मिसळतात, थ आणि य यांची गल्लत होते, अनुस्वार शिरोरेघेत विरघळतो, रफार आणि मात्रा यांचा एकच डाग होतो. आकड्यांत १ आणि ९ यांचा घोळ तर जुनी कागदपत्रे चाळणाऱ्या प्रत्येकाने अनुभवला असेल. झेरॉक्सची झेरॉक्स आणि तिचीही झेरॉक्स, अशा पाचव्या-सहाव्या पिढीच्या सातबाऱ्यावर गट क्रमांक वाचताना घरातली शहाणीसुरती माणसे उजेडाकडे कागद धरून वाद घालतात. प्रत्येक प्रतीबरोबर काळा रंग थोडासा पांढऱ्यात सरकलेला असतो. मी मुद्रिते तपासते तेव्हा टंक निवडतानाही हेच बघते. घ आणि ध यांतली फट लहान आकारातही उघडी राहत नसेल, तर दिसायला तो टंक कितीही देखणा असला तरी मी तो मजकुरासाठी वापरत नाही.

वय वाढते तसे डोळ्यातले भिंग ताठर होते आणि जवळचे पाहण्यासाठी त्याला जो फुगवटा यावा लागतो तो येईनासा होतो. याला आपल्याकडे चाळिशी लागणे म्हणतात आणि त्यासाठी घ्यायच्या चष्म्यालाही चाळिशीच म्हणतात. माझी चाळिशी ठरल्या वेळी आली आणि तिच्याबद्दल फार काही सांगण्यासारखे नाही. आईच्या मोतीबिंदूने मात्र मला बरेच काही दाखवले.

मोतीबिंदूतला धूसरपणा नंबराच्या धूसरपणाहून वेगळा असतो. नंबरात किरण चुकीच्या ठिकाणी एकत्र येतात. मोतीबिंदूत भिंगच गढूळ झालेले असते आणि प्रकाश त्यातून जाताना वाटेल तसा विखुरतो. आईला रात्री रस्त्यावरच्या दिव्यांभोवती मोठमोठी कडी दिसत. समोरून गाडी आली की तिच्या प्रकाशात बाकीचा रस्ताच बुडून जाई. भिंग पिवळे-तपकिरी होत जाते म्हणून निळा रंग आधी मरतो. तिच्या पेटीतल्या निळ्या आणि काळ्या रिळांचा फरक तिला कळेना, तेव्हा ती मला हाक मारून विचारी. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची शस्त्रक्रिया १९२३ मध्ये झाली आणि त्याआधीच्या वर्षांतली त्याची बागेची चित्रे तांबड्या-तपकिरी रंगांनी भरलेली आहेत, हे मी नंतर पाहिले. मोनेच्या काळी गढूळ भिंग काढून टाकले की त्या जागी घालायला काहीच नव्हते आणि जाड काचांचा चष्मा हाच उपाय होता. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये हॅरोल्ड रिडली या नेत्रवैद्यांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्स नावाच्या प्लॅस्टिकचे, कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले तरी डोळा त्यांना विरोध करत नाही, हे त्यांनी पाहिले होते. आज आपल्याकडच्या तालुक्याच्या गावीही लोक सकाळी जाऊन दुपारी नवे भिंग बसवून घरी परततात, त्यामागे ते निरीक्षण आहे.

पण मला सांगायचे आहे ते शस्त्रक्रियेच्या आधीचे. आई संध्याकाळी ओट्यावर बसे आणि गल्लीच्या तोंडाशी कुणी वळले की तिला तिथूनच कोण ते कळे. चेहरा तर राहोच, अंगातल्या कपड्यांचा रंगही तिला नीट कळत नसे. “अगं, तुझी मामी येतेय, चहाचं बघ,” असे ती सांगे आणि मामीच निघे. मी एकदा तिला विचारले, तुला दिसले कसे? ती म्हणाली, “दिसायचं काय त्यात, डावा पाय टाकताना ती जरा थबकते, नि पदर घट्ट खोचलेला असतो.” दोन दोन मीटरच्या हालत्या डागांतून तिला माणूस पुरता कळत होता. चाल, बांधा, खांद्यांचा उतार, डोके आणि मान यांचे प्रमाण यांतले काही त्या गढूळ भिंगातून गळले नव्हते. बारीक तपशील शेजारी सांडतात, मोठे आकार मात्र जागच्या जागी राहतात. आणि पाहणारा जर आधीपासून ओळखत असेल, तर त्याला तेवढे पुरते.

फोटोंच्या बाबतीत मराठी माणूस जुन्या रोलच्या दिवसांपासून एक भेद अचूक करत आला आहे. हात किंवा माणूस हलला तर फोटो ‘हललेला’ आणि भिंग नीट जुळले नसेल तर ‘अंधुक’. हललेल्या फोटोत बिंदू एकाच दिशेने ओढला जातो, अंधुक फोटोत तो सगळीकडे सारखा पसरतो. हललेपणाची परिसीमा १८३८ मध्येच गाठली गेली आहे. छायाचित्रणाचे एक आद्य प्रवर्तक लुई दागेर यांनी पॅरिसच्या बुलेवार द्यू तांप्ल या रस्त्याचे आपल्या खिडकीतून चित्र घेतले, तेव्हा पट्टीवर प्रकाश पडू देण्याचा अवधी काही मिनिटांचा होता. दिवसाउजेडी, वर्दळीच्या त्या रस्त्यावरून घोडागाड्या जात होत्या, माणसे चालत होती, पण चित्रात रस्ता निर्मनुष्य आहे. प्रत्येक चालणारा माणूस त्या काही मिनिटांत रस्त्याच्या लांबीभर इतका पातळ पसरला की त्याचा मागमूस उरला नाही. डाव्या कोपऱ्यात खाली एकच आकृती उभी दिसते. बूट पॉलिश करून घेण्यासाठी तो माणूस थांबला होता, म्हणून तो राहिला. माणसाची आकृती असलेले सर्वांत जुने छायाचित्र म्हणून ते ओळखले जाते. पुरेसे पसरले की ब्लर ब्लरसारखा दिसतच नाही, स्वच्छ रिकामी जागा दिसते, हे त्या चित्रात जसे कळते तसे कुठल्याही पुस्तकातून मला कळले नव्हते.

अंधुकपणा मुद्दाम स्वीकारणारी पहिली मोठी छायाचित्रकार म्हणजे ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. तिचा जन्म १८१५ मध्ये कोलकात्यात झाला आणि पहिला कॅमेरा तिच्या हाती आला तो वयाच्या ४८ व्या वर्षी, इंग्लंडमध्ये, लेकीने दिलेली भेट म्हणून. तिची व्यक्तिचित्रे मऊ, थोडी हललेली, कडा सैल असलेली आहेत आणि त्या काळच्या टीकाकारांनी तिला हे तंत्र येत नाही असे ठरवून टाकले होते. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना लिहिलेल्या पत्रात तिने विचारले आहे, की नेमकेपणा म्हणजे काय आणि कोणता नेमकेपणा रास्त हे ठरवण्याचा अधिकार कुणाला आहे? मला हा प्रश्न फार मोठा वाटतो. तिच्या फोटोत चेहऱ्याचा जो भाग तिला हवा आहे, तोच घट्ट आहे. बाकीचे तिने पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवले आहे.

आज तेच काम फोनमधला पोर्ट्रेट मोड करतो आणि बहुतेक वेळा वाईट करतो. मोठ्या तोंडाच्या भिंगात मागची पार्श्वभूमी अंतरानुसार क्रमाक्रमाने विरघळते. फोनच्या इवल्याशा भिंगात तसे होत नाही, म्हणून फोन आधी चेहरा कुठे संपतो याचा अंदाज बांधतो आणि त्याच्याबाहेरचे सगळे हिशेबाने धूसर करतो. लग्नसराईत माझ्याकडे असे फोटो ढिगाने येतात. नऊवारी नेसलेल्या नवरीचा चेहरा लख्ख असतो, नथीचा मोतीन्मोती दिसतो आणि अंबाड्यावरचा गजरा अर्धा असतो. पुढच्या चार कळ्या कोरीव आणि त्यांच्या मागच्या, जेमतेम दोन बोटांवरच्या, धुक्यात गेलेल्या. फोनला गजरा केसांचा वाटला नाही, भिंतीचा वाटला. असा फोटो मी शक्यतो परत पाठवते आणि साधा काढलेला मागते.

पसरलेले परत गोळा करता येते का, याचे उत्तर हबल दुर्बिणीने दिले आहे. ती एप्रिल १९९० मध्ये अवकाशात सोडली आणि काही आठवड्यांतच लक्षात आले की तिचे ताऱ्यांचे फोटो अंधुक येत आहेत. आरसा घासताना त्याचा आकार तपासणाऱ्या उपकरणातले एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते, त्यामुळे आरशाची कड हवी त्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या एका बारीक अंशाने, जास्त सपाट घासली गेली होती. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्तीचे छोटे आरसे असलेली उपकरणे बसवली आणि दृष्टी सुधारली. पण मधल्या तीन वर्षांत खगोलशास्त्रज्ञ हातावर हात ठेवून बसले नव्हते. तारा म्हणजे बिंदू, हे त्यांना माहीत होते. त्या बिंदूचा डाग नेमका कसा पडतो हे समोर दिसत होते. मग प्रत्येक डागातून बिंदू पुन्हा काढण्याचे गणित त्यांनी वापरले. सगळे परत मिळाले नाही, फिके तारे गेलेच, पण ठळक गोष्टींचे बरेच काही सुटे झाले. शाई कशी फुटली हे नक्की माहीत असेल, तर ती काही अंशी परत निबेखाली आणता येते. आकाशाच्या बाबतीत ही केवढी आनंदाची गोष्ट आहे. माणसाच्या चेहऱ्याच्या बाबतीत तिचा अर्थ उलटा होतो आणि माझ्या कामाचा अवघड भाग तिथून सुरू होतो.

फोटोवर काम करण्याच्या प्रणालीत चेहऱ्याभोवती गोल काढायचा, यादीतून गॉसियन ब्लर निवडायचा आणि पट्टी उजवीकडे सरकवायची, एवढीच कृती असते. कार्ल फ्रीडरिश गॉस या जर्मन गणितज्ञाच्या नावाचा हा घंटेसारखा वक्र आहे. १८०९ मध्ये त्याने तो मांडला तो ग्रहांच्या निरीक्षणांत होणाऱ्या चुकांचा हिशेब लावण्यासाठी. संगणक प्रत्येक बिंदूचा रंग काढून त्या जागी आजूबाजूच्या बिंदूंची सरासरी ठेवतो. जवळच्याला जास्त वजन, लांबच्याला कमी, ते त्या वक्राप्रमाणे. पट्टी सरकवली की शेजार वाढत जातो. आधी पापण्या जातात, मग भुवयांचे केस, मग कुंकू कपाळात मिसळते, मग डोळे म्हणजे दोन काळपट खळगे उरतात. ही क्रिया मी मोठ्या पडद्यावर टप्प्याटप्प्याने पाहते, त्यामुळे मला ठाऊक आहे की डोळे गेल्यावरही जबड्याची ठेवण, केसांचा भांग, गळ्यातल्या सरीची रेष आणि कान कितपत बाहेर आहेत हे सगळे शिल्लक असते. ओट्यावरून आईला गल्लीत दिसत असे ते हेच.

लिऑन हार्मन या अमेरिकी संशोधकाने १९७३ मध्ये अब्राहम लिंकन यांचा चेहरा ओबडधोबड चौकोनांत मोडून छापला होता. जवळून पाहिले तर नुसत्या करड्या फरश्या दिसतात. डोळे किलकिले केले, की लिंकन उभे राहतात. चौकोनांच्या खोट्या कडा डोळ्यांना अडवत असतात, किलकिले केल्याने त्या विरघळतात आणि खालचा मोठा आकार वर येतो. चित्रवाणीवर चौकोन टाकून लपवलेल्या चेहऱ्याकडे घरातले कुणी डोळे बारीक करून पाहताना मी पाहिले आहे. त्यांना या प्रयोगाची काही माहिती नसते, पण तो ते रोज करतात.

पवन सिन्हा हे अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये दृष्टीचा अभ्यास करतात आणि भारतातल्या जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांवर उपचार करण्यासाठी त्यांनी प्रोजेक्ट प्रकाश हा उपक्रम सुरू केला. उशिरा दृष्टी मिळालेल्या या मुलांना पुढे चेहरे ओळखणे जड जाते. सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये त्याचे एक कारण सुचवले. नवजात बाळाला पहिले काही महिने सगळे अंधुकच दिसते आणि त्या अंधुकपणामुळे बाळ चेहऱ्याचे तुकडे न पाहता सबंध चेहरा एकत्र पाहायला शिकत असावे. उशिरा डोळे उघडलेल्या मुलांची सुरुवातच त्यापेक्षा स्पष्ट दृष्टीने होते, त्यामुळे ही पायरी त्यांच्या वाट्याला येत नाही. मेंदूच्या धर्तीवर उदाहरणांतून शिकणाऱ्या संगणकीय जाळ्यांवर त्यांनी हे तपासले, तेव्हा आधी अंधुक आणि मग स्पष्ट चेहरे दाखवलेली जाळी अधिक चांगली ओळखू लागली. हे खरे असेल, आणि मला ते पटते, तर आपण आईचा चेहरा ओळखायला शिकलो तो धूसर अवस्थेतच. धूसर चेहरा ओळखणे हा आपल्या डोळ्यांचा सर्वांत जुना सराव आहे आणि त्याच डोळ्यांपासून लपवण्यासाठी आपण चेहरा धूसर करतो.

यंत्रांनाही ते जमते. टेक्सास विद्यापीठ आणि कॉर्नेल टेक यांच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की चौकोन टाकलेले आणि ब्लर केलेले चेहरे संगणकाला शिकवून ओळखता येतात. संगणक तो चेहरा स्वच्छ करून दाखवत नाही. काही ठरावीक माणसांपैकी हा कोण, एवढेच तो धूसर अवस्थेतच सांगतो. गल्लीतही माणसे ठरावीकच असतात.

ज्या ठिकाणी कुणाला कुणाची आधीची ओळख नाही आणि ओळख पटवण्याची गरजही नाही, तिथे ब्लर पुरेसा आहे, हे मी मान्य करते. गूगलची रस्त्यांची दृश्ये जुलै २०२२ मध्ये भारतातल्या दहा शहरांत सुरू झाली, त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचे अहमदनगर ही आपली चार होती. त्या दृश्यांत वाटेवरच्या माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे क्रमांक आपोआप धूसर होतात. भाजी घेताना टिपल्या गेलेल्या अनोळखी बाईला तेवढा आडोसा बहुतेकदा पुरतो. तिच्यावर कसले संकट ओढवलेले नसते.

अत्याचार झालेल्या मुलीच्या किंवा बाईच्या बाबतीत ही गोष्ट लागू होत नाही. तिची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. भारतीय दंड विधानात तो कलम २२८-अ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे आणि बालकांसाठी २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम २३ आहे. निपुण सक्सेना खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये नाव छापू नका एवढ्यावर न थांबता सांगितले, की दूरान्वयानेही तिची ओळख पटेल अशी कोणतीही गोष्ट प्रसिद्ध करता येणार नाही. हे शब्द नीट वाचले तर कळते की न्यायालयाच्या डोळ्यांसमोर अनोळखी वाचक नाही. दूरान्वयाने ओळख पटते ती शेजाऱ्यांना, वर्गातल्या मुलांना, बसथांब्यावरच्या माणसांना, सासरच्या नातेवाइकांना. कायद्याला तिला वाचवायचे आहे ते त्यांच्या नजरेपासून आणि नेमकी तीच माणसे ब्लरच्या आरपार पाहू शकतात.

तरीही बातम्यांत काय दिसते? आईच्या चेहऱ्यावर धुके असते आणि तिचा आवाज तसाच ऐकू येतो, गावच्या खास हेलासकट. मुलीचा चेहरा झाकलेला असतो आणि मागे घराचा निळा दरवाजा, त्यावरचे तोरण, शेजारच्या दुकानाच्या पाटीची अर्धी अक्षरे लख्ख दिसतात. गावाचे नाव निवेदिका सांगतेच. कॅमेरा चालत्या बाईच्या पाठीमागून जातो, म्हणजे चेहरा नको म्हणून चाल दाखवतो. मी हे पाहते तेव्हा मला आईचे ते वाक्य आठवते, डावा पाय टाकताना ती जरा थबकते. ज्यांनी ते दृश्य जोडले त्यांचा हेतू वाईट असेल असे मला वाटत नाही. त्यांनी पट्टी उजवीकडे सरकवली, आपल्या परक्या डोळ्यांना चेहरा कळेनासा झाला आणि काम झाले असे त्यांना वाटले. तिला ओळखणाऱ्याच्या डोळ्यांनी त्यांनी पडदा पाहिला नाही. केस उगवण्याच्या रेषेवरूनही लेकीला आई कळते, हे त्यांनाही घरी माहीत असेल, पण कामाच्या टेबलाशी ते ध्यानात येत नाही.

म्हणून अशा मजकुराबरोबर फोटो आला तर मी ब्लर वापरत नाही. लपवायचेच असेल, तर तो भाग फाइलमधून कापून काढते आणि तिथे एकरंगी भरीव पट्टी ठेवते. पट्टी वेगळ्या थरावर तरंगत राहिली तर पुढे कुणी तो थर उचलू शकतो, म्हणून सगळे थर एकत्र करून मगच फाइल पुढे पाठवते. पण पट्टीही फार थोड्या वेळा पुरते. हातांचा फोटो चालेल का, असे मला अनेकदा विचारले जाते. हात निनावी असतात असा समज आहे. आपल्याकडे हातावर नाव गोंदलेले असते, बांगड्या एका विशिष्ट कासाराकडच्या असतात, विळ्याने कापल्याचा जुना व्रण असतो. पाठमोऱ्या फोटोत वेणी असते, वहाणा असतात. यातले एकेक काढत गेले की शेवटी चौकटीत काही उरत नाही आणि त्या वेळी मी फोटोच घेत नाही. पान रिकामे दिसेल, ही हरकत येते. मी मजकुराचा टंक अर्ध्या पॉइंटने वाढवते, दोन ओळींमधले अंतर थोडे सैल करते आणि जागा भरून काढते. फोटो का घेतला नाही हे संपादकांना कळवताना कलमाचा क्रमांकही सोबत लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी वार्ताहराला गावात कॅमेरा काढण्याआधीच ते सांगता येते.